चादरीखाली बाबा होते

माझे वडील सिनेमातलं भूत होते. हे लहानपणी शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी मला थापाडी म्हणून बाकावर उभं केलं, आणि मोठेपणी मानकोलीच्या गोडाऊनमध्ये सांगितलं तेव्हा बरोबरच्या पोरींनी बाबांबरोबर सेल्फी मिळेल का म्हणून विचारलं. मधल्या काळात सिनेमा तोच होता आणि वडीलही तेच होते. लोकांचं डोकं फिरलं, एवढंच.

सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वाचायचं सोडून लोक त्यातले डायलॉग म्हणत बसतील. सीडीची दुकानं गल्लोगल्ली होती त्या दिवसांत भिवंडीतल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने, आपल्या लग्नाच्याच कॅमेऱ्यावर, इथल्याच माणसांना घेऊन काढलेला तो भुताचा विनोदी सिनेमा. गोष्ट साधी आहे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात एक कामगार मरतो, पण आपण मेलोय हे त्याला कळत नाही, आणि तो रोज पाळीला येत राहतो. आधी सगळ्यांची पाचावर धारण बसते. मग कारखान्याचा कारभार बघणाऱ्या मेहताच्या लक्षात येतं की हा जेवत नाही, गावाला जात नाही, चहालासुद्धा उठत नाही. तो शेठच्या कानात सांगतो की असा कामगार शोधून सापडायचा नाही, ह्याला काही कळू देऊ नका. तिथून पुढचा सगळा सिनेमा म्हणजे भुताला आपण मेलोय हे कळू नये म्हणून त्या दोघांनी केलेली धावपळ. भिवंडीत त्यावर लोक पोट धरधरून हसले. बाहेरच्यांना त्यातली गंमत कळायला बरीच वर्षं गेली.

तर ते भूत म्हणजे बाबा. डोक्यापासून पायापर्यंत कोऱ्या कापडाची चादर आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. भिवंडीत दुसरं काही नसलं तरी कापड होतं, तेव्हा मेकअपचा प्रश्न मिटला. आवाजही बाबांचा नव्हता. शूटिंग बंद पडलेल्या एका कारखान्यात झालं, पण आजूबाजूचे कारखाने चालू होते, त्या खडखडाटात बोलणं रेकॉर्ड होणं शक्यच नव्हतं. म्हणून भुताचे डायलॉग मागाहून कव्वालीचे कार्यक्रम गाजवणाऱ्या एका निवेदकाने म्हटले. तोंड झाकलेलं आणि आवाज उसना. बाबांचं म्हणून त्यात राहिलं ते फक्त चालणं. दोन लूमच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून आडव्या अंगाने सरकत येण्याची ती चाल पुढे लोकांनी डोक्यावर घेतली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरं चादरी पांघरून तशी चालतात, त्यांचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. लूमवर काम करणारा भिवंडीतला कुठलाही माणूस तसाच चालतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

बाबांना मात्र त्या चालीचं काही कौतुक नव्हतं. त्यांचं लक्ष शेवटच्या सीनवर होतं. शेवटी भुताला सगळं कळतं. ते अंगावरची चादर हळूहळू ओढून काढतं आणि मेहताकडे नुसतं बघत राहतं. हा सीन सीडीत नाही. सिनेमा एका सीडीत मावेना, आणि दोन सीड्यांचा सिनेमा कोण घेणार, म्हणून शूटिंगवाल्याने शेवटच छाटून टाकला. सीडीत भूत वळतं, मेहता बोंब मारतो आणि सिनेमा संपतो. म्हणजे अख्ख्या सिनेमात बाबांचं तोंड जिथे दिसणार होतं नेमका तेवढाच तुकडा गेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं.

पण बाबा तो सीन सांगायचे. घरी आलेल्या प्रत्येक माणसाला, गॅसवाल्याला, मीटर बघायला आलेल्याला, मला बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा. चादर काढताना ती मानेपाशी कशी अडकली, रडायचं असं काही ठरलेलं नव्हतं तरी डोळ्यांतून पाणी कसं आलं, आणि मेहता झालेला माणूस त्याचे डायलॉग कसे विसरला. आई असेपर्यंत ती स्वयंपाकघरातून म्हणायची की आता चादर निघाली, पाहुण्यांना चहा द्या. मला त्या गोष्टीचा इतका वैताग आला होता की बाबांनी घसा खाकरला की मी बादली उचलून पाण्याला निघून जायची.

त्यांना तो सीन का हवा होता हे मला समजत नव्हतं असं नाही. आमच्या घरात बाबांचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. आम्ही तेव्हा भिवंडीत कारखान्यांच्या जवळ नाल्याकाठी राहायचो. पुराच्या वर्षी पाणी माळ्यापर्यंत चढलं आणि लग्नाच्या अल्बमसकट सगळं गेलं. उरलं ते मतदान कार्ड, आणि मतदान कार्डावरचा फोटो कुणाचा आहे हे ज्याचं कार्ड त्यालाही सांगता येत नाही. त्यानंतर आम्ही कोन गावात राहायला आलो. इथे बाबांना तरुणपणी पाहिलेलं कुणी नाही. आई गेली. आत्या वज्रेश्वरीला असते, पण तिला आता स्वतःचा मुलगासुद्धा ओळखू येत नाही. आणि बाबांच्या छातीत इतकी वर्षं कापूस जाऊन जाऊन शेवटी छातीने असा दगा दिला, की माणूस अर्ध्याचा अर्धा झाला. दात गेले, गाल आत गेले. मीसुद्धा कधीकधी कामावरून येताना लांबून दारातल्या खाटेवर बसलेला म्हातारा बघायची आणि क्षणभर वाटायचं की हा कोण येऊन बसलाय. आपण एकदा धडधाकट होतो, आपल्याला एक तोंड होतं, ह्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे तो न दिसलेला सीन होता. दुसरं काहीच नव्हतं.

आता चाचांबद्दल सांगायला हवं. चाचा म्हणजे बाबांचे लूमवरचे जोडीदार. उत्तरेकडून आलेले, बाबांच्याच वयाचे, बाबांच्याच अंगलटीचे. लूमवर एक माणूस दिवसपाळी करतो आणि दुसरा रातपाळी, लूम त्याच. एकाला ताप आला, कुणाचं लग्न निघालं, की दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. ह्याला बदली म्हणतात. बदली कुणीही केली तरी हजेरी ज्याची पाळी त्याच्याच नावावर लागते. मेहता तोंड बघत नाही, लूम चालू आहे की नाही ते बघतो. बाबा आणि चाचांनी आयुष्यभर एकमेकांच्या इतक्या बदल्या केल्या की कुणी किती केल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पुराच्या वेळी मी आठवडाभर चाचांच्या खोलीत त्यांच्या चटईवर झोपले आहे. आम्ही कोनला आल्यावरही चाचा सुट्टीच्या दिवशी यायचे, खाटेच्या कडेला बसायचे, आणि बाबा कुणाला तो सीन सांगायला लागले की मान हलवत ऐकायचे. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद पडले तेव्हा ते गावाकडे निघाले. बाबांना भेटायला कोनच्या नाक्यापर्यंत आले, पोलिसांनी पुढे येऊ दिलं नाही. पोचल्याचा फोन आला. नंतर काही महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, की अब्बा गेले.

त्या वर्षांत सिनेमा मात्र मोठा होत गेला. कुणीतरी त्याचे तुकडे नेटवर टाकले होते. मेहताचा एक डायलॉग लोक ऑफिसातल्या साहेबांवर चिकटवायला लागले. कुठे कुठे चादरी पांघरून सिनेमा बघायचे कार्यक्रम झाले. आणि गेल्या वर्षी पुण्याहून एका मुलाचा फोन आला. तो आणि त्याचे मित्र जुने, विचित्र, कुणी न सांभाळलेले सिनेमे शोधतात, साफ करतात आणि त्यांच्या चांगल्या डिस्क काढतात. झकास डबा, आत छापील पुस्तिका, मुलाखती. मी त्याला विचारलं की आता घरात डिस्क लावतो कोण? तो म्हणाला की ताई, ज्यांना असलं वेड आहे ते लावतात, आणि ते पुरेसे आहेत. मी मानकोलीला परत आलेला माल तपासते. लोक काय काय विकत घेतात आणि काय काय परत पाठवतात हे रोज बघते, त्यामुळे माझा विश्वास बसला.

मग त्याने मुख्य गोष्ट सांगितली. शूटिंगवाल्याच्या माळ्यावर मूळ टेपा सापडल्या होत्या. त्यात कापलेला शेवट होता. पहिल्यांदाच पूर्ण सिनेमा निघणार होता.

मी बाबांना सांगितलं. ते उठले आणि भिंतीला धरत धरत मोरीपाशी जाऊन दाढी करायला बसले. त्या दिवशी कुणी येणार नव्हतं. डिस्कसाठी बाबांची मुलाखत घ्यायला तो मुलगा पुढच्या आठवड्यात येणार होता.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी भीमजयंतीला घालतात तो पांढरा शर्ट घातला. तो आता त्यांना इतका ढगळ होत होता की पुण्याच्या मुलाने मागून चिमटे लावून तो बसवला. बाबा दोन वाक्यं बोलायचे आणि धाप लागली की थांबायचे, तो कॅमेरा बंद न करता वाट बघायचा. चांगला मुलगा होता. बाबांनी चादर, तिची भोकं, लूममधली चाल, सगळं सांगितलं, आणि शेवटचा सीन तर उभं राहून, अंगावरची शाल ओढून करून दाखवला. मुलाने विचारलं, की काका, इतक्या वर्षांनी तो सीन लोक बघणार, कसं वाटतंय?

"बघू द्या," बाबा म्हणाले. "मी पन बघीन. मी कुठं बघितलाय अजून?"

मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या गोष्टीचा वैताग आला नाही. मी बादली उचलली नाही. उलट मला आनंद झाला होता आणि तो मी लपवला नव्हता, शेजारपाजारी सांगून आले होते. बाबांनी तर कोनच्या बुद्धविहारात जाहीर करून टाकलं की पौर्णिमेला वंदना झाली की सगळ्यांनी थांबायचं, सिनेमा आहे. विहारात भूत कसं चालेल म्हणून एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. आपण भूत मानत नाही. सेक्रेटरी म्हणाले की भूत मानत नाही म्हणूनच त्याला हसायला हरकत नाही. हे सगळ्यांना पटलं.

पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी गोडाऊनमध्ये होते. त्याचा आवाज वेगळाच लागला. मुलाखत आणि तो सीन त्याने एकामागोमाग लावून पाहिला होता, आणि त्याला एक शंका होती. माणूस वयाने बदलतो हे मान्य, पण कान बदलत नाहीत, असं काहीतरी तो अडखळत सांगत होता. त्याने मला फोनवर त्या सीनचा एक फोटो पाठवला.

मी ओळखलं. त्याला काही सांगायच्या आधी मी बाहेर ट्रक लागतात तिथे जाऊन उभी राहिले. फोटोत चाचा होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी शूटिंगवाल्या भाईंकडे गेले. आता त्यांचं भिवंडीत पासपोर्ट फोटोचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा वर केला, परत पाहिला, आणि कपाळावर हात मारला. मग सगळं सांगितलं. शूटिंग चालायचं तेव्हा ते बाबांच्या कारखान्यात निरोप पाठवायचे, की भूत को भेजो. जो ड्युटीवर नसेल तो यायचा. कधी बाबा, कधी चाचा. चादरीखाली कोण आहे ह्याने काय फरक पडत होता? दोघांची उंची एक, चाल एक. शेवटचा सीन आधी बाबांवरच घेतला होता, बाबांनी सांगितलं ते सगळं खरं होतं, चादर मानेपाशी अडकली होती आणि मेहता डायलॉग विसरला होता. पण आजूबाजूच्या कारखान्यांतली बारीक रुई कॅमेऱ्यात गेली होती. घरी येऊन बघतात तर टेपवर नुसत्या रेघा. म्हणून दोन दिवसांनी तोच सीन परत घ्यायचं ठरलं आणि सवयीप्रमाणे निरोप गेला, भूत को भेजो.

"मेरे दिमाग में आलंच नाही गं, की आज चादर निघणार आहे," भाई म्हणाले. "निकाली तो चाचा. लाइट जायची वेळ झाली होती. म्हटलं, घे शॉट, बघू नंतर."

नंतर सीनच कापला गेला आणि भाईंना सुटल्यासारखं वाटलं. कुणाला काही सांगायची वेळ आली नाही. बाबांची रेघांची टेप कुठे आहे असं मी विचारलं. खराब टेप कुणी ठेवतं का, असं त्यांनी मला उलट विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. कॅमेरावाला, जोडीदार, ज्याच्या हातून निरोप गेला तो, सगळे कारखान्याच्या रीतीने वागले होते. एक माणूस नसला की दुसरा. ह्या एकाच वेळी कुणीतरी तोंड बघायला हवं होतं, आणि तोंड बघायची कुणालाच सवय नव्हती.

मला रागवायचं होतं आणि रागवायला कुणी सापडत नव्हतं, ह्याचाच मला राग आला. घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. लपवायचं कसं? पौर्णिमा तोंडावर आली होती. मी त्यांना फोटो दाखवायला लागले तर त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही.

मी म्हटलं, चाचाही भूत व्हायचे हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

"बदलीचं काय बोलायचं?" ते म्हणाले. "बदली म्हंजे मीच ना."

मग बराच वेळ खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, की भाईची चूक होत असेल, टेपा इकडच्या तिकडे झाल्या असतील. आणि असं झालं असतं तर चाचा आपल्याला बोलला असता. चाचा ह्याच खाटेच्या कडेला बसून इतकी वर्षं मान हलवत होते, ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. त्यांना ठाऊक होतं. सीन कापला गेला म्हणजे आता कधीच कुणाला दिसणार नाही, मग कशाला ह्याच्या तोंडचा घास काढा, असं त्यांनी ठरवलं असणार. दुसरं काय? एवढं सांभाळून नेलेलं त्यांचं ते मौन आता एका डब्यातून बाहेर पडणार होतं. विहारातला कार्यक्रम रद्द करू का, असं मी विचारलं. बाबा न्हाय म्हणाले. त्यांना अजून आशा होती, आणि ती बघून मला त्यांची कीव आली. वडिलांची कीव येणं फार वाईट असतं.

पुण्याच्या मुलाला मी खरं काय ते कळवलं. पुस्तिका छापून झाली होती. भुतापुढे बाबांचं नाव होतं, कारण सीडीवरही तेच होतं. मुलाखतीतला शाल ओढायचा भाग तेवढा त्याने काढून टाकला. चाचांचं नाव आता कुठे घालता येईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला की पुढची आवृत्ती निघाली तर नक्की. निघेल की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं.

पौर्णिमेला तो स्वतः प्लेअर घेऊन आला. आमच्या कोनला कुणाकडे ती डिस्क लागेल असं यंत्र नव्हतं. संध्याकाळची वंदना झाली, खीर वाटली, सतरंजीवर बायका आणि मागे खुर्च्यांवर पुरुष बसले. बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. पांढरा शर्ट, वर माझी शाल. मी त्यांच्या बाजूला खालीच बसले.

सिनेमा चांगला आहे हो. मी तो वर्षानुवर्षं नीट पाहिलाच नव्हता. लोक हसले, ज्या वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली होती ते तर खुर्चीतून घसरायच्या बेताला आले. भूत लूममधून सरकत यायला लागलं की सगळे वळून बाबांकडे बघायचे. बाबा हसत नव्हते. ते पडद्यावर बघत होते आणि त्यांचा हात खुर्चीच्या हातावर घट्ट होता. सीडीतला शेवट आला, भूत वळलं, मेहताने बोंब मारली, आणि ह्या वेळी सिनेमा संपला नाही. भुताने चादरीला हात घातला. मला वाटतं त्या क्षणी मीसुद्धा मनात म्हणत होते की टेपा बदलल्या असू देत, भाईंची चूक असू दे.

चादर सहज निघाली, कुठेही अडकली नाही. खाली चाचा होते. घामाने निथळलेले, दाढीचे खुंट, केसांत रुई, आणि किती तरुण. ते मेहताकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू विस्कटत गेला. वाईट ह्याचं वाटतं की ते फार सुरेख झालं होतं. रडू येत असताना ते हसायचा प्रयत्न करतात, आपण मेलोय ह्याची मेहतासमोर लाज वाटल्यासारखं. बायका डोळे पुसायला लागल्या. मी बाबांकडे बघितलं नाही.

दिवे लागले आणि टाळ्या झाल्या. मला वाटलं होतं की आता कुजबुज होईल, कुणी विचारेल, की हा कोण? ह्या एका गोष्टीची मी आठवडाभर धास्ती घेतली होती. तसं काहीच झालं नाही. लोक उठून बाबांपाशी आले आणि त्यांचे हात हातात घेऊन म्हणाले, काका, कसे होतात हो तुम्ही! ओळखूच येत नाही. आजाराने माणसाचं काय होतं बघा. कुणी म्हणालं, नाक तेवढं तेच आहे. सेक्रेटरींनी शाल आणि फूल दिलं. शेजारच्या काकू माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "तू अगदी वडिलांवर गेलीस गं. डोळे तेच."

त्यात कुणी लबाडी करत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं की चादरीखाली हे होते, आणि त्यांनी चादर निघालेली पाहिली. पुण्याचा मुलगा वायर गुंडाळत खाली मान घालून उभा होता. बाबांनी सगळ्यांना हात जोडले, जय भीम केला, आणि कुणालाच काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तो मी नव्हे म्हटलं असतं तर मग उरलेल्या सगळ्या सिनेमातही तुम्हीच कशावरून, असं कुणीतरी म्हणालं असतं, आणि त्याला उत्तर नव्हतं. पुरावा आला होता आणि तो त्यांच्या विरुद्ध होता.

मी त्यांना रिक्षाने घरी आणलं. विहारात मिळालेली शाल त्यांनी घडी करून उशीशी ठेवली आणि खाटेवर बसले. मी भाकरी वाढली, ती त्यांनी बाजूला सरकवली.

"चाचानं चांगलं केलं," ते म्हणाले. "माझं येवढं झालं नव्हतं."

मी म्हटलं, असं काही नाही.

"हाय ना. मला ठावं हाय." मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाय, मी कसा दिसायचो गं तवा?"

चांगले दिसायचात, मी म्हटलं.

"तसं न्हाय. कसा? सांग ना. तू बघितलंस ना मला."

मी बघितलं होतं. पाच-सहा वर्षांची होते, रोज बघत होते. त्यांचे पाय मला आठवतात, कारण मी त्यांवर उभी राहून चालायची. हात आठवतात, मशीनच्या तेलाचा वास आठवतो. मी डोळे मिटून वर बघायचा प्रयत्न केला, जिथे तोंड असायला हवं तिथे. तिथे घामाने निथळलेले, केसांत रुई अडकलेले चाचा होते. मी परत बघितलं. परत तेच.

बाबा वाट बघत होते. मी ताट उचललं आणि मोरीपाशी नेऊन ठेवलं, आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसले, पण मला सांगता आलं नाही.